संडरलंडच्या नदीवर ‘तरंगिणी’: शिडाच्या जहाजांचा मेळा कसा होता

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना आधी कामाचं सांगते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड या शहरात 11 ते 14 जुलै 2018 असे चार दिवस शिडाच्या मोठ्या जहाजांचा मेळा झाला. आपल्या नौदलाची ‘आयएनएस तरंगिणी’ त्यात होती. हाच ताफा तिथून डेन्मार्क, नॉर्वे आणि नेदरलंड्सला गेला. तारखा खाली देते. काय पाहिलं, काय आवडलं, कुठे वैतागलो, म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर काय करावं, हे जरा सविस्तर लिहितेय, कारण जाण्याआधी मला मराठीत असं काही वाचायला मिळालं नाही.

आमच्या घरात या मेळ्याची ओढ जास्तच होती. माझे बाबा वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये फिटर होते आणि ‘तरंगिणी’ तिथलीच. 1 डिसेंबर 1995 ला ती पाण्यात उतरली, 11 नोव्हेंबर 1997 ला नौदलात दाखल झाली. बाबा आता निवृत्त होऊन बांद्याला असतात. येणाऱ्या जहाजांच्या यादीत तिचं नाव दिसलं तेव्हाच मी बाबांची आणि आईची संडरलंडजवळच्या न्यूकॅसलची तिकिटं जुलै धरून काढली. म्हणजे हे परीक्षण तटस्थ नाही. पण जहाजबांधणीतला माणूस सोबत असल्यामुळे आम्ही जे बघितलं ते नुसतं फोटो काढत फिरणाऱ्याच्या नजरेतून सुटलं असतं, हेही खरं.

मेळा म्हणजे नक्की काय, ते थोडक्यात. टॉल शिप्स रेसेस ही शर्यत 1956 मध्ये पहिल्यांदा झाली, इंग्लंडच्या टॉर्बेपासून पोर्तुगालच्या लिस्बनपर्यंत. शिडाची जहाजं संपत चालली होती, ती निदान एकदा एकत्र यावीत हा तेव्हाचा विचार. आता ती दर उन्हाळ्यात होते आणि तिचा मूळ नियम मला फार आवडतो: जहाजावरच्या माणसांपैकी निदान निम्मी 15 ते 25 वयाची असावी लागतात. एका बंदरात जहाजं चार दिवस थांबतात, लोकांना चढून बघू देतात, मग मिरवणुकीने बाहेर पडतात आणि पुढच्या बंदरापर्यंत शर्यत लावतात. संडरलंडला ही शर्यत पहिल्यांदाच आली. आत जायला पैसे नव्हते, जहाजावर चढायलाही नव्हते. मुलांच्या पाळण्यांना आणि खाण्यापिण्याला मात्र मोजावे लागत होते.

संडरलंडचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. वेअर नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते तिथे हे वसलंय, आणि एके काळी जगात सगळ्यात जास्त जहाजं बांधणाऱ्या शहरांमध्ये याची गणना होती. नदीच्या दोन्ही काठांवर यार्डं होती. शेवटचं 1988 मध्ये बंद झालं. आज त्याच काठावर विद्यापीठ आहे, घरं आहेत. जवळच सेंट पीटर्स नावाचं चर्च आहे, सन 674 मध्ये स्थापन झालेलं. हे सगळं असताना नदीत मोठं जहाज मात्र क्वचितच दिसतं. त्यामुळे या चार दिवसांत गावातले म्हातारे लोक ज्या चेहऱ्याने नदीकडे बघत होते, तो चेहरा मी विसरणार नाही.

आता जाण्यायेण्याचं. गाडी घेऊन जाऊ नका. गाडी शहराबाहेर ठेवून बसने येण्याची सोय होती, पण आम्ही न्यूकॅसलहून मेट्रो घेतली आणि सोपं गेलं. सेंट पीटर्स, संडरलंड, सीबर्न यांपैकी कुठल्या स्टेशनावर उतरायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते का, ते सांगते. जहाजं एका ओळीत नव्हती. बंदरापासून नदीकाठापर्यंत ती पसरलेली होती. उत्तर काठावर उभं राहिलं की समोरच्या धक्क्यावरचं जहाज हाकेच्या अंतरावर वाटतं, पण तिथे जायचं तर मागे वेअरमथ पुलापर्यंत चालत जाऊन, पूल ओलांडून, पुन्हा समुद्राच्या दिशेने यावं लागतं. नदीच्या मुखाजवळ दुसरा पूल नाही. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही एक काठ एका दिवशी असं वाटून घेतलं. ज्यांनी एकाच दिवसात दोन्हीकडे करायचा घाट घातला त्यांची मुलं दुपारी रस्त्याच्या कडेला बसून रडत होती.

बुधवारी न जाता गुरुवारी सकाळी गेलो. बुधवारी संध्याकाळी फुटबॉलच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना होता, इंग्लंड क्रोएशियाशी हरलं, त्यामुळे गुरुवारी सकाळी गाव जरा उशिरा उठलं. आम्हाला त्याचा फायदा झाला. अशा कुठल्याही मेळ्यासाठी माझा सल्ला हाच: कामाच्या वारी सकाळी जा. शनिवारी दुपारी रांगा इतक्या वाढतात की एक जहाज बघून परतावं लागतं.

‘तरंगिणी’ लांबून ओळखू आली. पांढरं अंग, तीन डोलकाठ्या आणि मागे तिरंगा नव्हे तर नौदलाचा पांढरा ध्वज. लांबी 54 मीटर. म्हणजे ताफ्यातल्या सगळ्यात मोठ्या जहाजांपुढे ती लहानच, पण बांधा डौलदार. जहाजांमध्ये तिच्या प्रकाराला बार्क म्हणतात: पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या दांड्यांना, म्हणजे परबाणांना, टांगलेली चौकोनी शिडं आणि शेवटच्या डोलकाठीवर उभी शिडं. चौकोनी शिडं मागून येणारा वारा पकडतात, उभी शिडं वाऱ्याला तिरकं कापत जायला लागतात. दोन्ही असली की खलाशांची संख्या आटोक्यात राहते आणि जहाज वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्यात चालवता येतं. एकूण 20 शिडं. आराखडा कॉलिन म्युडी या इंग्रज नौकारचनाकाराचा. अपंग लोकांना चालवता येईल असं ‘लॉर्ड नेल्सन’ हे जहाज आणि ऑस्ट्रेलियाचं ‘यंग एन्डेव्हर’ हेही त्यांचंच.

रांगेत आम्ही उभे होतो तेव्हा बाबा काही बोलत नव्हते. शिडीवरून वर गेलो. शिडी उभट होती, आईला पुढून एका नौसैनिकाने हात दिला आणि मागून मी. वर पाय ठेवल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल बाबांनी? ते डेकच्या कडेला गेले. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या जाड तारा जहाजाच्या अंगाला जिथे पकडतात, तिथल्या पट्ट्यांजवळ बसले आणि तळहाताने चाचपून बघितलं. मग मला म्हणाले, “बघ गो, हयसर सगळो ताण येता. शीड भरला काय डोलकाठी आडवी जाऊक बघता. ती हेच्यार उभी रवता.”

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. यार्डाला गस्ती नौका बांधायची सवय होती. इंजिन मागे, सगळं वजन खाली, हिशोब पाठ झालेला. डोलकाठ्यांच्या जहाजात वजन वर जातं, आणि जहाज कलतंच, कलून चालणं हाच त्याचा धर्म. त्यामुळे खाली पोटात किती भार भरायचा, तारा किती ताणायच्या, ताण कमीजास्त करणारे स्क्रू, म्हणजे टर्नबकल, किती फिरवायचे, या गोष्टी त्यांच्या टोळीतल्या बऱ्याच जणांसाठी नव्या होत्या. पोलाद तेच, पण मोजमापाची नजर दुसरी. वीस-बावीस वर्षांपूर्वीचं ते सगळं बाबांना तपशिलाने आठवत होतं. घरी ते असलं काही कधी बोलले नव्हते. बाबा यार्डात जायचे आणि यार्डातून यायचे एवढंच मला लहानपणी माहीत.

डेकवर एक नौसैनिक मराठी बोलणारा निघाला. बाबा काय करताहेत हे बघून तो जवळ आला, त्याला वाटलं आजोबांना चक्कर आली. बाबा म्हणाले, मी गोवा शिपयार्डचा. त्याने विचारलं, “काका, म्हणजे तुम्ही हिच्यावर काम केलंत?” बाबांनी मान हलवली. त्याने लगेच दुसऱ्या दोघांना बोलावलं. पुढचा बराच वेळ बाबा प्रश्न विचारत होते आणि ती पोरं उत्तरं देत होती: कुठली तार बदलली, कुठे पाणी साचतं, बिस्केच्या उपसागरात किती कलली, कुठल्या वाऱ्यात चांगली चालते. मागे रांग तुंबली तेव्हा त्यांनी आम्हाला सुकाणूच्या चक्राजवळ बाजूला उभं केलं, घालवलं नाही.

त्या पोरांनी सांगितलेलं थोडं इथे देते, कारण मुलांना हे ऐकवा, त्यांना आवडतं. जहाज एप्रिलमध्ये कोचीहून निघालं, सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात आलं, मग फ्रान्समध्ये बोर्दोला पोचलं आणि तिथून वर. या सफरीला नौदलाने ‘लोकायन 18’ नाव दिलं होतं. जहाजावर नौदलाचे प्रशिक्षणार्थी असतात. भविष्यात ज्यांना क्षेपणास्त्रांच्या युद्धनौका चालवायच्या त्यांना शिडं ओढायला का लावतात, हे माझ्या नवऱ्याने विचारलं. उत्तर असं मिळालं की वारा आणि लाट अंगाने कळावी लागते, आणि दहा जणांनी एकाच वेळी एकच दोर ओढल्याशिवाय शीड वर जात नाही. डेकच्या कठड्याला खुंट्यांची रांग आहे. प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली. रात्री पावसात दिवा न लावता हात त्याच खुंटीवर जायला हवा, म्हणून नवीन पोरांना आधी खुंट्या पाठ करायला लावतात. माझ्या मुलाने लगेच त्यातल्या पाच पाठ केल्या आणि घरी येऊन त्यांची यादी भिंतीवर चिकटवली.

याच जहाजाने 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. हे मला माहीत होतं, पण त्या डेकवर उभं राहून ती रुंदी पावलांनी मोजल्यावर त्याचा अर्थ कळला. साडेआठ मीटर. आमच्या बांद्याच्या घराची ओसरीही त्याहून लांब आहे.

परीक्षण म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आम्ही चढलेल्या जहाजांत सगळ्यात चांगला पाहुणचार ‘तरंगिणी’वर झाला, आणि हे मी भारतीय म्हणून म्हणत नाही. आमच्या पुढे एक इंग्रज आजी होत्या, काठी घेऊन. त्यांना खुर्ची आणून दिली, त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर दिलं. उलट दुसऱ्या एका देशाच्या मोठ्या जहाजावर दोर बांधून अर्ध्याहून जास्त डेक बंद ठेवला होता, एका बाजूने चढायचं आणि न थांबता दुसऱ्या बाजूने उतरायचं, आणि उतरताना टोप्या-टीशर्टांचं दुकान. तिथे आम्ही जास्त वेळ रांगेत आणि कमी वेळ जहाजावर होतो. आकारावर भुलू नका. मधल्या आणि लहान जहाजांवर माणसं बोलायला मोकळी असतात.

डच आणि पोलिश जहाजांवर असाच अनुभव आला. एका डच स्कूनरवर, म्हणजे उभ्या शिडांच्या जहाजावर, सतरा-अठरा वर्षांची मुलगी पितळी घंटा घासत बसली होती. तिने माझ्या मुलाला गाठ शिकवली, दोराचं टोक फासातून कसं काढायचं ते तीनदा करून दाखवलं. तिला समुद्राची आवड वगैरे काही नव्हती, भावाने नाव घातलं म्हणून आली, पहिले दोन दिवस ओकत होती आणि आता तिला परत जायचं नाहीये. संडरलंडची स्थानिक मुलंही बरीच या जहाजांवर चढून डेन्मार्कला निघाली होती. त्यांच्या आया धक्क्यावर उभ्या होत्या, सतत पिशव्यांतून काहीतरी काढून देत.

माझ्यासाठी या सगळ्यातला सगळ्यात मोठा क्षण मात्र जहाजावरचा नाही. उत्तर काठावर बाकावर आम्ही डबा उघडून बसलो होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसलेले. बोलता बोलता कळलं की ते याच नदीवरच्या यार्डात प्लेटर होते, म्हणजे जहाजाच्या अंगाचे पत्रे कापून, वाकवून बसवणारे. 1988 मध्ये यार्ड बंद झालं तेव्हा चाळिशीत होते, पुन्हा तसं काम मिळालं नाही. मी बाबांची ओळख करून दिली. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, त्या गृहस्थांचं संडरलंडच्या उच्चारांचं, मलाच अर्धं कळत नव्हतं. पण मधे मी लागलेच नाही. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, पत्रा दोन बाजूंनी एकदम वळतो, तिथे वेल्डिंग करताना उष्णतेने तो ओढला जातो, मग तो कसा सरळ करायचा, हे दोघांनी हातवाऱ्यांनी एकमेकांना दाखवलं. तापवून, पाणी मारून. दोघांची पद्धत एकच. दोघेही खूश झाले.

त्या गृहस्थांनीच ‘सिटी ऑफ अॅडलेड’ची गोष्ट सांगितली. 1864 मध्ये संडरलंडलाच बांधलेलं क्लिपर, म्हणजे शिडाचं वेगवान जहाज, आतली चौकट लोखंडी आणि बाहेरून लाकडी फळ्या, ऑस्ट्रेलियाला प्रवासी नेणारं. ते आजही शिल्लक आहे, पण इथे नाही. ते परत मिळावं म्हणून गावातल्या लोकांनी खूप धडपड केली, शेवटी ते ऑस्ट्रेलियाला गेलं, तिथल्या अॅडलेड बंदरात आहे. “निदान कुणीतरी ठेवलं तरी,” असं ते म्हणाले. या मेळ्यात बाहेरून आलेली जहाजं पुष्कळ होती. या नदीने स्वतः बांधलेल्या जहाजांची आठवण करून देणारं अजून जास्त काही मध्यभागी मांडायला हवं होतं, असं मला मनापासून वाटलं. इथल्या माणसांकडे सांगण्यासारखं इतकं आहे, आणि ती बाकांवर गप्प बसलेली होती.

खाण्याचं सांगते. घरून न्या. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी नेली होती, त्यामुळे निभावलं. एका गाडीवर भाजीचा बर्गर घेतला तो आतून थंड होता आणि त्याचे पैसे चांगल्या हॉटेलातल्या जेवणाएवढे. मांसाहारी असाल तर या भागातला स्टॉटी नावाचा चपटा, जाड पाव मिळतो, आत हॅम आणि मटारीच्या डाळीचा लगदा भरून देतात. नवऱ्याने खाल्ला, त्याला आवडला. बाबांनी डाळीचा लगदा तेवढा चाखून पाहिला आणि फोडणी हवी होती म्हणाले. त्या वर्षी इंग्लंडात ऊन कडक होतं, धक्क्यावर सावली नसते, टोपी आणि पाण्याच्या बाटल्या न विसरता घ्या. स्वच्छतागृहं पुरेशी होती, पण दुपारी रांग. ढकलगाडीतल्या बाळाला जहाजावर नेता येत नाही, गाडी खाली ठेवावी लागते, तेव्हा दोन मोठी माणसं असली तर बरं.

शनिवारी मिरवणूक होती, त्यासाठी पुन्हा गेलो, या वेळी सीबर्न स्टेशनवर उतरून रोकरच्या कड्यावर. जागा धरायला सकाळीच या. इथून बंदराचं तोंड, लांबवर समुद्रात गेलेला धक्का आणि त्याच्या टोकावरचा दीपगृहाचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा समोर दिसतो. ते पट्टे रंगवलेले नाहीत, दोन वेगळ्या रंगांच्या ग्रॅनाइटचे थर आहेत. 1903 चं काम.

मिरवणुकीबद्दल एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. चित्रात दिसतं तशी सगळी शिडं फुगवून जहाजं नदीतून येत नाहीत. अरुंद पाण्यात आणि बंदराच्या तोंडाशी ती इंजिनावर चालतात, शिडं बाहेर मोकळ्या समुद्रात गेल्यावर सुटतात. बऱ्याच लोकांचा पहिला अर्धा तास त्यामुळे हिरमोड झाला आणि काही जण उठून गेलेसुद्धा. थांबा. दुर्बीण असेल तर घेऊन जा. बाहेर गेलेल्या जहाजांवर पोरं दोरीच्या शिड्यांवरून चढतात, परबाणावर ओळीने पसरतात, बांधून ठेवलेली शिडं एकेक करून खाली सुटतात, आणि जहाजाचा आकार तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो. बाबा दुर्बीण सोडत नव्हते. ‘तरंगिणी’ दिसल्यावर आई म्हणाली, “तेंका जरा बघूंक दे गो,” आणि मुलाला मागे ओढलं.

आता याच भागात जवळ राहणाऱ्यांसाठी एक भर. मेळा संपला तरी एक जहाज कुठे जात नाही. संडरलंडच्या दक्षिणेला हार्टलपूल आहे, गाडीने फार वेळ लागत नाही, तिथे राष्ट्रीय नौदल संग्रहालयात ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आहे. हे जहाज मुंबईत बांधलेलं आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी, मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानात. 12 ऑक्टोबर 1817 ला ते पाण्यात उतरलं. महिना व्हायच्या आत, 5 नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाई संपायला लागली. हे दोन्ही आपल्याच मुलखात एकाच वेळी चाललं होतं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकची चणचण होती आणि सागवान त्याहून टिकाऊ, म्हणून इंग्रज आरमाराने मुंबईत जहाजं बांधून घेतली. टिकाऊ किती, तर आज पाण्यावर तरंगत असलेली सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका हीच. इंग्रज दर्यासारंग नेल्सनची ‘व्हिक्टरी’ हिच्यापेक्षा जुनी खरी, पण ती कोरड्या गोदीत आहे.

आम्ही रविवारी गेलो. हे संग्रहालय मला मेळ्याइतकंच मोलाचं वाटलं, आणि गर्दी नसल्यामुळे सावकाश बघता आलं. नाळेवरची मूर्ती पागोटंवाल्या माणसाची आहे. तोफांच्या डेकवर उभं राहता येतं, त्याखाली खलाशी जिथे झोपायचे तिथे मात्र मोठ्या माणसाला वाकून चालावं लागतं, म्हणून आई वरच थांबली. 1990 पासून दहा-अकरा वर्षं याची दुरुस्ती चालली होती. बाबांनी तिथल्या माहिती देणाऱ्या माणसाला नेमकं हेच विचारलं की मूळ लाकूड कुठलं आणि नवं कुठलं. त्याने हाताने दाखवत फिरवलं. आमच्याकडे जुन्या घरांच्या तुळया असतात त्याच रंगाचं, हात लावला तर थंड. बाबांनी नखाने हळूच टोचून पाहिलं. अजून भरीव आहे म्हणाले.

ज्यांचं मन समुद्रात आहे त्यांनी संडरलंड आणि हार्टलपूल दोन्ही एका दमात करावं अशी माझी शिफारस. पण संडरलंडचा 2018 चा मेळा होऊन गेला. त्या वर्षीची पुढची बंदरं अशी होती: डेन्मार्कमध्ये एस्बियर्गला 18 ते 21 जुलै, नॉर्वेत स्टावांगरला 26 ते 29 जुलै आणि नेदरलंड्समध्ये हार्लिंगेनला 3 ते 6 ऑगस्ट. ‘तरंगिणी’ या तिन्ही ठिकाणी जाणार होती. असा मेळा पुन्हा तिथे भरला आणि म्हातारी माणसं सोबत असतील, तर स्टावांगर किंवा हार्लिंगेन निवडा. स्टावांगरचं वोगेन बंदर शहराच्या अगदी मध्यात आहे, जुनी लाकडी घरं लागूनच, चालणं कमी. हार्लिंगेनला तर लेवार्डनहून येणारी रेल्वे बंदराशेजारच्या स्टेशनावरच सोडते. कुठेही गेलात आणि भारतीय जहाज भेटलं, तर शिडीवरून चढल्यावर पहिल्यांदा मराठीत विचारून बघा, आणि फराळाचं काही केलं असेल तर डबा भरून न्या. जास्तीचा न्या, पोरं पुष्कळ असतात आणि महिनोन्‌महिने घराबाहेर असतात.